सॉरोरिटीतल्या पोरींना स्कॉलरशिप नाही म्हणे! मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि समस्त कार्यकारिणी यांस,

स.न.वि.वि.

हे पत्र आधी तुम्हालाच ईमेलने पाठवलं होतं, जाहीर लिहायची मला काही हौस नाही. उत्तर आलं की पुढच्या मीटिंगला विषय घेऊ. मीटिंग झाली, संक्रांतीचं हळदीकुंकू झालं, तिळगूळ घ्या गोड बोला पण झालं, विषय काही निघाला नाही. म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितेय, कारण हा प्रश्न काही माझ्या एकटीच्या घरातला नाहीये, ज्यांच्या ज्यांच्या घरात आज हायस्कूलला पोरगी आहे त्या सगळ्यांच्या दारात हा उद्या येणार आहे.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या इथल्या, टेक्सासमधल्या मराठी मंडळाच्या स्कॉलरशिपचे नवे नियम नोव्हेंबरात व्हॉट्सॲप ग्रुपवर आले. त्यात अगदी खाली एक ओळ नव्याने घातलेली, की सॉरोरिटी किंवा तत्सम पार्टी क्लबमध्ये असणाऱ्या मुलींचे अर्ज विचारात घेतले जाणार नाहीत. (सॉरोरिटी म्हणजे अमेरिकन कॉलेजांतल्या मुलींच्या, ग्रीक अक्षरांच्या नावाच्या संघटना.) सोबत एक व्हिडिओ, अलाबामातल्या कुठल्याशा हाऊससमोर, म्हणजे सॉरोरिटीच्या घरासमोर, एकसारखे स्कर्ट घातलेल्या गोऱ्या पोरी नाचतायत, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, 'यासाठी पाठवतो का आपण मुलींना?' त्याखाली अंगठ्यांची रांग. झालं, नियम पास.

माझी मुलगी इथल्याच एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत ज्युनियर आहे, म्हणजे तिसऱ्या वर्षाला. ती एका साउथ एशियन सॉरोरिटीत आहे. तिचा फॉर्म परत आला. आणखी दोन घरांतले फॉर्म परत आलेत ते मला माहितीये, त्यांची नावं मी घेणार नाही, त्या आयांना वाद नकोय. प्रश्न हजार डॉलरचा नाही. म्हणजे हजार डॉलर जास्त झालेत असं मुळीच नाही, पुस्तकं आणि पार्किंग परमिटमध्येच जातात ते, पण त्यासाठी मी एवढं टाइप करत बसले नसते. ही पोरगी मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी शिकली, गणपतीत लेझीम खेळली, आणि आता त्याच मंडळाने तिच्याशी एक शब्द न बोलता तिच्या चारित्र्यावर शेरा मारलाय. त्यावर मला गप्प बसून चालणार नाही.

आधी हे स्पष्ट करते की मी सॉरोरिटीची वकिली करायला आलेली नाही. त्या जगात मला न पटणाऱ्या गोष्टी ढीगभर आहेत, त्या खाली लिहितेच. पण ज्या गोष्टी खरंच वाईट आहेत त्यातली एकही तुमच्या नियमात नाही, हीच तर माझी तक्रार आहे.

आता जरा माहिती, कारण मीटिंगमध्ये 'ते सगळं एकच असतं हो' असं कुणीतरी म्हणालं असं कानावर आलं. एकच नसतं. त्या व्हिडिओतल्या ज्या आहेत त्या नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सवाल्या, ही संस्था १९०२ सालची, तिच्यात २६ सॉरोरिटी आहेत. त्यांचं मूळ अजून जुनं, जॉर्जियातल्या वेस्लियन कॉलेजात १८५१ पासून असे मुलींचे गट होते, आणि १८७० च्या आसपास जेव्हा मिडवेस्टमधल्या कॉलेजांनी मुलींना नुकतं कुठे आत घेतलं होतं तेव्हा त्या मूठभर मुलींनी एकमेकींना धरून राहायला म्हणून ग्रीक अक्षरांचे आपले गट काढले, कारण मुलांचे होते आणि त्यात यांना कुणी घेत नव्हतं. मग हेच गट मोठे झाले, श्रीमंत झाले, मोठमोठी खांबवाली घरं झाली, आणि यांनीही दार लावून घेतलं. काळ्या मुलींना आत यायची सोय नव्हती. म्हणून १९०८ मध्ये हॉवर्ड युनिव्हर्सिटीत अल्फा कप्पा अल्फा निघाली, १९१३ मध्ये तिथेच डेल्टा सिग्मा थीटा, २२ मुलींनी काढलेली, आणि काढल्या काढल्या मार्चमध्ये त्या पोरी वॉशिंग्टनला बायकांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. कमला हॅरिस याच अल्फा कप्पा अल्फाची. ती व्हाइस प्रेसिडेंट झाली तेव्हा आपल्या ग्रुपवर 'आपली कमला' म्हणून पेढ्यांचे फोटो फिरत होते, ज्यांनी तिला मत दिलं नव्हतं त्यांनीही फिरवले. तिने जर या वर्षी आपल्याकडे फॉर्म भरला असता तर तुमच्या नियमाने तोही परत गेला असता.

आणि आपल्या, म्हणजे साउथ एशियन सॉरोरिटी तर अगदी कालपरवाच्या. १९९८ साली ऑस्टिनला यूटीमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासमध्ये, कप्पा फाय गामा, त्याच वर्षी युनिव्हर्सिटी ऑफ ह्यूस्टनमध्ये डेल्टा फाय ओमेगा. दोन्ही आपल्या टेक्सासमध्येच सुरू झालेल्या, ही गोष्ट किती जणांना माहीत होती? १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर जे डॉक्टर, इंजिनीयर इथे आले त्यांच्या लेकी तोवर कॉलेजला पोचल्या होत्या, घरी वरण-भात आणि बाहेर वेगळंच जग, आणि कॅम्पसवर कुठे बसायचं ते कळेना. त्यांनी आपली आपण जागा केली. या मुलींना बहुतेक कॅम्पसवर हाऊसही नसतं, मीटिंग लायब्ररीच्या खोलीत नाहीतर कुणाच्या तरी अपार्टमेंटमध्ये चपला बाहेर काढून.

माझ्या मुलीने दोन्ही बघितलंय. फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाला असताना ती ऑगस्टमध्ये मोठ्या सॉरोरिटींच्या रशला, म्हणजे नवीन मुली निवडायच्या फेऱ्यांना उतरली, रूममेट उतरली म्हणून ही पण. टेक्सासचा ऑगस्ट, शंभर फॅरनहाइटच्या वर तापमान, आणि या पोरी मेकअप करून हातात बॅटरीचे छोटे पंखे घेऊन एकेका घरासमोर रांगेत उभ्या. दार उघडतं, आतून टाळ्या आणि गाणं, एक मुलगी येऊन हाताला धरून आत नेते, पाचेक मिनिटं गोड बोलते, मग मागून दुसरी येऊन तिच्या खांद्याला हात लावते की पहिली उठते आणि दुसरी बोलायला लागते, असं घरामागून घर. रात्री आतल्या मुली यांना पसंतीचे नंबर देतात, या त्यांना देतात, कम्प्युटर जुळवतो, आणि सकाळी फोनवर यादी येते की आज तुला कुठल्या घरी परत बोलावलंय. कांदेपोहेच की हे, फक्त पोहे नाहीत आणि नकार ॲपवर येतो. तिला एकीने विचारलं, तुझी आई कुठल्या हाऊसची? ही म्हणाली, माझी आई सांगलीला विलिंग्डन कॉलेजला होती. समोरची म्हणाली, ओह, आय लव्ह दॅट! दुसऱ्या दिवशी यादीतून ते घर गायब.

आम्ही दोघी त्यावर फोनवर पोट धरून हसलो, पण नंतर ती बाथरूममध्ये जाऊन रडली हे मला रूममेटकडून कळलं. तर मला ती पद्धत अजिबात आवडत नाही. आई, आजी त्याच सॉरोरिटीत असेल तर मुलीला लेगसी म्हणून झुकतं माप, जुन्या सदस्य बायकांची शिफारसपत्रं, हे सगळं पिढ्यानपिढ्या चाललं आणि आत्ता कुठे २०२० नंतर बऱ्याच सॉरोरिटींनी ते सैल केलं किंवा सोडलं. कातडीचा रंग तर आहेच. अलाबामा युनिव्हर्सिटीत १९६३ साली गव्हर्नर जॉर्ज वॉलेस काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला स्वतः दारात उभा राहिला होता, आणि त्यानंतर ५० वर्षांनी, २०१३ मध्ये, तिथल्या विद्यार्थ्यांच्याच क्रिमसन व्हाइट या पेपरने छापलं की एका उत्तम मार्कांच्या काळ्या मुलीला सगळ्या गोऱ्या सॉरोरिटींनी नाकारलं. त्यातली मेख अशी की आतल्या कित्येक पोरींना ती हवी होती, अडवलं ते माजी सदस्य असलेल्या मोठ्या बायकांनी. बातमी देशभर गाजली आणि मग युनिव्हर्सिटीला पुन्हा प्रवेश उघडावा लागला. इंडियानात डीपॉ युनिव्हर्सिटीत डेल्टा झीटाच्या नॅशनल ऑफिसने २००७ च्या सुमारास २३ मुलींना घर सोडायला लावलं, त्यात जाड मुली सगळ्या, आणि चॅप्टरमधली, म्हणजे तिथल्या शाखेतली, एकमेव काळी, एकमेव कोरियन, एकमेव व्हिएतनामी मुलगीही. युनिव्हर्सिटीने मग त्या सॉरोरिटीलाच कॅम्पसवरून काढलं.

म्हणजे ज्या व्यवस्थेने आपल्या पोरींना दारातून परत पाठवलं, तिच्याच व्हिडिओवरून तुम्ही त्यांना शिक्षा दिलीत. त्या व्हिडिओत आपली एकतरी पोरगी आहे का हो?

बरं, आता माझी पोरगी साउथ एशियन सॉरोरिटीत गेल्यावर काय झालं ते. पहिली गोष्ट, मी घाबरले होते, घाबरायलाच हवं. तिथे मोठ्या सॉरोरिटीसारखी झुंबड नसते, सात-आठ पोरींची 'लाइन' असते, काही आठवडे नवीन मुलींचं शिक्षण चालतं, त्यातलं बरंचसं गुप्त, आणि मग त्या 'क्रॉस' होतात म्हणजे पक्क्या सदस्य होतात. गुप्त म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी तिला रोज विचारायचे, रात्री कुठे होतीस, गाडी कोण चालवत होतं, कुणी काही प्यायला लावतं का, झोपतेस किती, फोन काढून घेतात का. ती वैतागायची, पण उत्तरं द्यायची. तिच्या 'बिग'चा, म्हणजे मोठ्या बहिणीसारखी जी सिनियर नेमून देतात तिचा, नंबर मी घेऊन ठेवला.

त्याच नंबरवरून एका रात्री दीड वाजता फोन आला. काकू, हिच्या पोटात खूप दुखतंय, आम्ही इमर्जन्सीला आणलंय, इन्शुरन्स कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. मी आणि हे गाडी काढून निघालो, तीन तासांचा रस्ता. अपेंडिक्स निघालं. आम्ही पोचलो तेव्हा तिला सर्जरीला नेलं होतं आणि बाहेर चार पोरी बसलेल्या, एकीच्या मांडीवर लॅपटॉप कारण सकाळी तिचा ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचा पेपर. डिस्चार्ज झाल्यावर आठवडाभर पाळी लावून रात्री तिच्या खोलीवर कुणी ना कुणी झोपायला होतं. इन्स्टंट पॉटमध्ये मुगाची खिचडी करून आणली होती, मीठ जरा जास्तच झालं होतं, हळद तर विचारू नका. मी ती खिचडी खाल्लीये. त्यामुळे 'पार्टी क्लब' हा शब्द वाचल्यावर माझं काय झालं असेल ते समजून घ्या.

दरवर्षी महिला दिनाला आपण स्टेजवर आनंदीबाई जोशींचा फोटो लावतो आणि हार घालतो. १८८३ साली ती पोर एकटी अमेरिकेत उतरली तेव्हा न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी तिला घरात घेतलं, ती त्यांना मावशी म्हणायची. मेडिकल कॉलेजची १८८६ ची डिग्री आपण सगळे सांगतो, ती मावशी मात्र भाषणात कधी येत नाही. परक्या गावात पोरीला जिवाचं कुणीतरी लागतं हो. तेव्हा ती एक बाई होती, आता वीस-पंचवीस पोरी असतात आणि त्यांच्या टी-शर्टवर ग्रीक अक्षरं असतात.

शिवाय आत्ता टेक्सासमध्ये तर हे जास्तच लागतंय. एसबी १७ कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला आणि सरकारी युनिव्हर्सिटींमधली डायव्हर्सिटीची, म्हणजे वेगवेगळ्या समाजांतल्या विद्यार्थ्यांसाठीची, ऑफिसं बंद झाली, ऑस्टिनचं मल्टिकल्चरल एंगेजमेंट सेंटर गेलं, जिथे आपल्यासारख्यांची पोरं येऊन बसायची. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या संघटनांना तो कायदा लागू नाही, म्हणजे उरलं काय तर पोरांनी पोरांच्या बळावर चालवलेलं जे आहे ते. नेमकं त्याच वेळी आपल्या मंडळाला तिथून हात काढून घ्यायचं सुचलं.

आता तक्रारी, मुद्द्याने.

पहिली, नियम फक्त मुलींना. गेल्या वर्षी ज्या मुलाला स्कॉलरशिप दिली तो एका फ्रॅटर्निटीचा, म्हणजे मुलांच्या तसल्याच संघटनेचा, पदाधिकारी होता, निवेदनात तसं वाचून दाखवलं, 'नेतृत्वगुण' म्हणून टाळ्या वाजल्या, शाल-श्रीफळ झालं. मुलगा गुणाचा आहे, त्याला मिळाली ते योग्यच झालं, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं तुमच्याबद्दल आहे. त्याने केलं की लीडरशिप आणि हिने केलं की पार्टी, हे कसं काय? आणि गंमत सांगते, पार्टीचाच मुद्दा असेल तर पॅनहेलेनिक सॉरोरिटींच्या घरात दारूला वर्षानुवर्षं बंदी आहे, पार्ट्या होतात त्या फ्रॅटच्या घरी. म्हणजे दार कोण उघडणार, ग्लासात काय ओतणार, रात्री परत कोण सोडणार, हे सगळं मुलांच्या हातात आणि पोरी परक्या घरात. धोका तिथे आहे. तुमच्या नियमात मात्र फ्रॅटर्निटी हा शब्दच नाही.

दुसरी तक्रार लिहिताना माझा हात थरथरतोय, पण लिहिते. कार्यकारिणीच्या मीटिंगमध्ये अर्ज केलेल्या मुलींचे इन्स्टाग्राम उघडून फोटो बघितले गेले, फोन एका हातातून दुसऱ्या हातात फिरला. माझ्या मुलीचा फॉर्मलचा, म्हणजे नटूनथटून जायच्या समारंभाचा, फोटो होता, काळा ड्रेस, हातात ग्लास. ग्लासात काय होतं यावर चर्चा झाली म्हणे. स्प्राइट होतं. आणि समजा नसतं, तरी ती २० वर्षांची आहे, ते बघायला तिचे आईबाप आहेत आणि टेक्सासचा कायदा आहे, कार्यकारिणीतल्या काकांनी फोटो झूम करून बघायची गरज नव्हती. आपल्या न्यू इयर पार्टीच्या तिकिटात ओपन बार धरलेला असतो, त्याचे फोटो तर आपण स्वतःच मंडळाच्या पेजवर टाकतो.

तिसरी, मुलींना कुणी विचारलं नाही. एकीलाही नाही. अलाबामातल्या त्या माजी सदस्य बायकांनी हेच केलं होतं.

आणि चौथी जी मला सगळ्यात मोठी वाटते, ती म्हणजे खरा धोका कुठला ते कुणी सांगतच नाही. हेझिंग. नवीन पोरांना छळायचं, दारू पाजायची, झोपू द्यायचं नाही, मारायचं, आणि वर हे सगळं गुप्त ठेव म्हणायचं. आणि कुणी असं समजू नये की हे फक्त गोऱ्यांचं खूळ आहे. २०१३ साली न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजमधला एक फ्रेशमन पाय डेल्टा साय या एशियन-अमेरिकन फ्रॅटर्निटीच्या 'विधीत' मेला, पेन्सिल्वेनियात डोंगरात नेऊन डोळे बांधून पाठीवर वजन लादून त्याला ढकलत आपटत होते, आणि तो बेशुद्ध पडल्यावरही लगेच हॉस्पिटलला नेलं नाही. कोर्टाने त्या फ्रॅटर्निटीला पेन्सिल्वेनियातून १० वर्षं हद्दपार केलं. आपलेच लोक, आपल्यासारखेच आईबाप. त्याचबरोबर हेही खरं की हेझिंग फक्त ग्रीक अक्षरांत नसतं. मेन राज्यातल्या युनिव्हर्सिटी ऑफ मेनच्या २००८ च्या पाहणीत क्लब, टीम, बँड असल्या कशातही असणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ५५ टक्क्यांना ते अनुभवायला आलं होतं. फ्लोरिडा ए अँड एममध्ये २०११ साली मार्चिंग बँडच्या बसमध्ये मारहाणीत एक पोरगा गेला. मार्चिंग बँडला तर आपण स्कॉलरशिपमध्ये जास्तीचे गुण देतो.

माहिती मिळत नाही असंही नाही. टेक्सासने २०१९ मध्ये कायदा कडक केला, तेव्हापासून प्रत्येक कॉलेजला कुठल्या संघटनेवर हेझिंग सिद्ध झालं, शिक्षा काय झाली, हे वेबसाइटवर टाकावं लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये बायडननी सही केलेला स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट आला, आता हे देशभर बंधनकारक आहे. मी मुलीच्या युनिव्हर्सिटीची ती यादी ती क्रॉस व्हायच्या आधी रात्री बसून वाचली होती. त्यात फ्रॅटर्निटी होत्या, सॉरोरिटी होत्या, एक स्पोर्ट्स क्लबही होता. तुमच्यापैकी किती जणांनी अशी एक तरी यादी नियम करायच्या आधी उघडून बघितली?

पैशांचंही कुणी सांगत नाही. मोठ्या हाऊसचे ड्यूज म्हणजे वर्गणी, नवीन मेंबरची फी, टी-शर्ट, फॉर्मल, घरात राहायचं म्हटलं तर ते वेगळं, वर्षाला हजारोंत जातं. साउथ एशियनवाल्यांचं त्या मानाने किरकोळ असतं, पण असतं. आणि ज्या मुली रशला शेवटपर्यंत जातात त्या प्रेफरन्सच्या रात्री एका ॲग्रीमेंटवर सही करतात, त्यात लिहिलेलं असतं की तू निवडलेल्या घराने तुला बिड, म्हणजे सदस्य व्हायचं आमंत्रण, दिलं आणि तू नाही म्हणालीस तर त्या कॅम्पसवर दुसऱ्या कुठल्याही पॅनहेलेनिक सॉरोरिटीत तुला पुढच्या वर्षीच्या रशपर्यंत जाता येणार नाही. अठरा वर्षांची पोरगी, थकलेली, हाय हील्सनी पाय सोललेले, रात्री दहाला फोनवर ते वाचून सही करते. हे कुणी आईबापांना आधी सांगितलं तर त्या पोरीचं काहीतरी भलं होईल. नियम काढून काय झालं? ज्यांना जायचं त्या जाणारच, फक्त आता घरी आणि मंडळात सांगणार नाहीत. चोरून जाणाऱ्या पोरीला रात्री दीड वाजता फोन करायला कुणी उरत नाही, एवढं तरी लक्षात घ्या.

आणखी एक. मागच्या दिवाळीच्या कार्यक्रमात बाहेर लॉबीत बोन मॅरो रजिस्ट्रीचं टेबल होतं, आठवतंय? गालाच्या आतून कापूस फिरवून घेत होत्या, आपल्या लोकांना मॅच, म्हणजे जुळणारा दाता, मिळायची शक्यता गोऱ्या पेशंटपेक्षा बरीच कमी असते कारण रजिस्ट्रीत आपण फार थोडे आहोत, हे प्रत्येकाला न कंटाळता समजावत होत्या. त्या याच सॉरोरिटीतल्या पोरी. अध्यक्षांचा त्यांच्याबरोबरचा फोटो स्मरणिकेत 'युवाशक्ती' म्हणून छापलाय. त्याच स्मरणिकेत मागच्या पानावर स्कॉलरशिपची जाहिरात आहे.

तर मागण्या अशा.

ती ओळ काढून टाका, सरळ. या वर्षी त्या ओळीमुळे परत गेलेले सगळे फॉर्म पुन्हा मागवा आणि मार्क, निबंध, समाजसेवा हे जे निकष बाकीच्यांना आहेत त्यावरच तपासा. स्कॉलरशिप मिळाली नाही तर नाही, आमची तक्रार नसेल.

अर्जदारांचं सोशल मीडिया कार्यकारिणी बघणार नाही असं लेखी नियमात घाला, आणि जे झालं त्याबद्दल त्या तीन मुलींना दोन ओळींचं पत्र पाठवा. जाहीर माफी वगैरे नको, पोरींना आणखी चर्चा नकोय.

नियम करायचाच असेल तर हा करा, की ज्या संघटनेवर, मग ती सॉरोरिटी असो, फ्रॅटर्निटी, बँड किंवा डान्स टीम असो, गेल्या तीन वर्षांत हेझिंग सिद्ध झालंय तिच्या पदाधिकाऱ्यांना स्कॉलरशिप नाही. मुलगा असो की मुलगी. यादी वेबसाइटवर असते, तपासायला दहा मिनिटं लागतात, हवं तर मी तपासून देते.

दरवर्षी मेमध्ये, हायस्कूलचं ग्रॅज्युएशन झालं की, एक दुपार ठेवा, चहा-बटाटेवडा मी बघते. त्यात कॉलेजातल्या पोरापोरींनीच बोलायचं, ज्या सॉरोरिटीत गेल्या त्यांनी, ज्या रशमधून बाहेर पडल्या त्यांनी, ज्यांनी अर्ध्यात सोडलं त्यांनीही. ड्यूज किती, सही कशावर होते, हेझिंग झालं तर फोन कुणाला करायचा, फ्रॅटच्या पार्टीला जाताना काय ठरवून जायचं. आईबापांनी मागे बसून ऐकायचं आणि प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे, नाहीतर भाषणं सुरू होतात, आपल्याला माहितीये आपण कसे आहोत.

आणि स्कॉलरशिप कमिटीत कॉलेजला जाणाऱ्या दोघांना घ्या, एक मुलगी एक मुलगा, मताच्या अधिकारासकट.

पाडव्याच्या आधी एक मीटिंग आहे असं कॅलेंडरवर दिसतंय. अजेंड्यात हा विषय नावासकट लिहा, 'इतर विषय' मध्ये ढकलू नका. सभासद म्हणून मी येणार आहे, बोलायला पाच मिनिटं द्यावीत. उत्तर मला वैयक्तिक पाठवू नका, नियम ज्या ग्रुपवर टाकलात त्याच ग्रुपवर टाका. आणि नियम तसाच राहणार असेल तर कुणी बाजूने मत दिलं आणि कुणी विरोधात ते नावांसह मिनिट्समध्ये लिहा, म्हणजे निवडणुकीला आम्हाला सोपं जाईल.

कळावे, लोभ आहेच.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद, आणि एका सॉरोरिटीतल्या पोरीची आई